शेपटीकडचे दोन घास

सुवा, ९ मार्च

प्रिय तोरिका,

तुझा फोन बंद लागतो. सेवानायाला मी फोन करू शकत नाही, हे तुला सांगायला नको. भावा-बहिणीनं एकमेकांशी सरळ बोलायचं नाही हा नियम बारा वर्षांची झाल्यापासून मी पाळते आहे, आणि मधे तू वहिनी होऊन आल्यापासून तो कधी जडही गेला नाही. वीस वर्षं तू माझं बोलणं त्याच्याकडे नेलंस, त्याचं माझ्याकडे आणलंस, शिवाय पदरचे चार टोमणे त्यात घातलेस. आता तूच बोलत नाहीस, तर मी कुणामार्फत बोलू? म्हणून पत्र.

थोरले बाबा गेले यावर माझा अजून विश्वास बसत नाही. २४ फेब्रुवारीला, मंगळवारी, वुनिवासाच्या सभागृहात ते माझ्यासमोर मांडी घालून बसले होते, माझी थट्टा करत होते. आणि त्याच शनिवारी गेले. मातीला मी आले नाही, याचा गावाला राग असेल. रेडिओच्या कार्यक्रमाची तारीख आधीच ठरली होती, ती बदलता आली नाही. एवढंच कारण आहे.

मला जे वाटतं ते लिहिते. हे माशाचं विष होतं. मंगळवारी मी नेमकं तेच सांगायला आले होते. वादळानं खडक मोडला, मेलेल्या पोवळ्यांवर एक बारीक शेवाळ धरलं. ते लहान मासे खातात, लहानांना मोठे खातात, आणि विष मोठ्यांत साठत जातं. त्याला वास नाही, चव नाही, शिजवून ते जात नाही. सगळ्यांत जास्त असतं डोक्यात आणि काळजात. म्हणून हातभरापेक्षा मोठी तांबोशी खाऊ नका, डोकं तर नकोच, असं मी तीनदा सांगितलं. मोठं चित्र दाखवलं. चित्र अजून सभागृहाच्या खांबाला लावलेलं असेल. म्हणजे माझ्याकडून सांगायचं काही राहिलं नव्हतं.

इथे पाऊस थांबत नाही. मी हल्ली पाणी कोमट करून पिते, घसा बरा नाही.

मुलांना जवळ घे. लिही.

तुझी
अलुमिता


सुवा, २१ मार्च

तोरिका,

आज बाजारात सलोते भेटली. वुनिवासाहून सकाळच्या बसनं अळूची पानं विकायला आली होती. मी तुझी चौकशी केली, तर ती पानांवर पाणी मारत राहिली आणि मग म्हणाली, "तुला माहीत नाही? ती माहेरी गेली. गेली म्हणजे, पाठवली."

मी तिथेच, कसाव्याच्या कंदांच्या ढिगाशेजारी, खाली बसले. तू कांदावू बेटावर आहेस, मुलं वुनिवासात सेवानायाकडे आहेत, आणि या गोष्टीला तीन आठवडे झाले. मी तुला लिहिलं होतं की मुलांना जवळ घे. ते पत्र कुणीतरी पुढे कांदावूला पाठवलं असेल तर तुला ते वाचून काय वाटलं असेल याचा मी विचार करते आहे.

सलोतेनं सांगितलं ते असं. माशाचं डोकं थोरल्या बाबांच्या मानाचं, ते घरी झाकून नेलं, सुनेनं, म्हणजे तू, नारळाच्या दुधात त्याचा रस्सा केला, रस्सा फक्त त्यांनीच खाल्ला आणि फक्त तेच गेले; बाकी दोघा-तिघांचं पोट बिघडलं, ते जास्त खाल्ल्यानं. म्हणजे दोष रश्श्यात. दूध आदल्या दिवशीचं असेल, भांडं कळकलेलं असेल, नाहीतर सुनेच्या मनातच काही असेल. मी म्हटलं, अगं, मासा विषारी होता, मी सांगून गेले होते. तेव्हा सलोतेनं माझ्याकडे मोठ्या प्रेमानं पाहिलं. "अलुमिता, मासा विषारी असता तर तू कशाला खाल्ला असतास?"

तोरिका, हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही. खोटं लिहिलं नाही, पण लिहिलं नाही. आता लिहिते.

तू स्वयंपाकाच्या बाजूला होतीस, त्यामुळे तुला सभागृहातलं नीट दिसलं नसेल. माझं बोलून झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गावप्रमुख इनोके आभार मानायला उठला. मुलगी किती शिकली, तिचा आवाज कसा तिच्या आजीसारखा आहे, ती उभी कशी राहते, सगळं बोलला. शेवाळाबद्दल एक शब्द नाही. मी मनात म्हटलं, असू दे, ऐकलं तर आहे. थोरल्या बाबांनी तेवढं चित्राकडे बोट केलं. "पोरी, मासा लहान असेल तर खायचा आणि मोठा झाला की त्याला सलाम करून सोडून द्यायचा? मग मलाही सोडा, गावातला सगळ्यात मोठा मीच आहे." सगळं सभागृह हसलं. मीसुद्धा.

मग चटया अंथरल्या आणि मुख्य चटईवर पानांत गुंडाळलेली तांबोशी आली. हातभर नाही, दोन हात होती. माझ्यासाठी पहाटे खास खडकावर जाऊन धरलेली. घरची मुलगी, सरकारी गाडीतून आलेली, तिच्यापुढे लहान मासा कोण ठेवील? पान उलगडलं, वाफ निघाली, आणि सगळे थांबले. पाहुण्यानं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. थोरले बाबा म्हणाले, "घे. तू घेतलास की मी माझं डोकं घरी नेतो."

नको म्हणायला किती वेळ लागतो? मी डायरी काढून पाहिली. त्या दिवशी मी लिहिलं आहे: 'व्याख्यान चांगलं झालं. साठ-सत्तर माणसं. लक्ष देऊन ऐकलं. जेवण करून निघाले.' जेवण करून, एवढंच. मी शेपटीकडचे दोन घास घेतले. शेपटीकडे विष कमी असतं, दोन घासांनी काही होत नाही, पहाटे खडकावर गेलेल्या माणसांचा अपमान कसा करायचा, असा सगळा हिशेब मी पान उलगडल्यापासून तोंडात घास जाईपर्यंत केला. त्या माणसांनी हिशेब पाहिला नाही. त्यांनी हात तोंडाकडे जाताना पाहिला.

तीन वर्षं मी मत्स्यखात्यातर्फे गावोगाव सांगत हिंडते आहे. माझी समजूत होती की लोक माझं बोलणं ऐकतात.

मी सेवानायाला निरोप पाठवीन, सलोतेमार्फत, की दोष रश्श्याचा नाही. तू काळजी करू नकोस.

अलुमिता


सुवा, ४ एप्रिल

तोरिका,

तुझी चिठ्ठी काल मिळाली. ती मी इतक्या वेळा वाचली आहे की पाठ झाली आहे, तरी इथे उतरवते, कारण तू काय लिहिलंस ते तुलाही पुन्हा दिसावं:

"नणंदबाई, तुमची दोन पत्रं मिळाली. अक्षर सुंदर आहे. थोरले बाबा शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर मला म्हणाले, तोरिका, उकळतं पाणी दिलंस, तोंड भाजलं. मी टाकीतलं पाणी दिलं होतं. कुणी विश्वास ठेवला नाही, तुमच्या भावानंही नाही. मरणारा माणूस खोटं बोलत नाही, असं सगळे म्हणतात. तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हीच सांगा, मी कोणतं पाणी दिलं होतं. तोरिका."

'नणंदबाई' तू मला लग्नाच्या दिवसापासून म्हणतेस, पण नेहमी त्याच्यामागे 'तू' असायचं. 'नणंदबाई, तू केस विंचरतेस की खात्यात तसा नियमच नाही?' या वेळी 'तुम्ही' आहे. ठीक आहे.

पाण्याचं मला माहीत नव्हतं. हे खरं आहे, आणि आता माझ्याकडचं खरं किती उरलंय ते मोजावं लागेल, म्हणून हे वेगळं सांगते. मला माहीत नव्हतं. चिठ्ठी वाचली तेव्हा मी मोरीपाशी उभी होते, नळ चालू होता. मी नळाखाली हात धरला.

तू थंड पाणी दिलं होतंस. या विषात थंड वस्तू भाजते. ओठांना मुंग्या येतात, पाय लुळे पडतात, आणि गार पाणी तोंडाला लावलं की निखारा ठेवल्यासारखं होतं. थोरले बाबा खोटं बोलले नाहीत आणि तूही नाहीस.

मला हे पुस्तकातून माहीत होतं. २५ फेब्रुवारीच्या पहाटेपासून पुस्तकाशिवायही माहीत आहे.

मी आजारी पडले होते, तोरिका. दोन घासांनी. रात्रभर ओकले, सकाळी दात घासायला चूळ भरली आणि ओरडून पेला टाकून दिला. सहा दिवस मला धड चालता येत नव्हतं. खात्यात सांगितलं, ताप आहे. तुला लिहिलं, रेडिओ आहे. मातीला आले नाही त्याचं कारण हे. कोमट पाण्याचं कारणही हेच, घसा नाही. अजून मी नळाला हात लावताना आधी फडकं घेते.

आणि याहून वाईट आहे ते आता लिहिते. थोरले बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी इनोकेचा फोन आला होता. कोण कोण मातीला येणार, चटया किती लागतील, असं बोलून झाल्यावर त्यानं विचारलं, "आणि तुझी तब्येत? तुला काही झालं नाही ना?" मी अंथरुणात होते. मी म्हटलं, "नाही, मी अगदी बरी आहे."

मला वाटलं तो रीत म्हणून विचारतो आहे, आणि मी रीत म्हणून उत्तर दिलं. निदान इतके दिवस मी स्वतःला असं सांगत होते. पण मला वाटतं मला तेव्हाच कळलं होतं की तो का विचारतोय. दुसऱ्याच आठवड्यात रेडिओवर मी लोकांना सांगणार होते की हा मासा खाऊ नका. ज्या बाईनं स्वतः तो खाल्ला आणि अंथरुण धरलं तिचं कोण ऐकेल, असं मला वाटलं. लोकांनी हसू नये म्हणून मी बरी झाले.

त्या एका वाक्यावर त्यांनी तुला घराबाहेर काढलं. मी फक्त 'बरी आहे' म्हटलं होतं.

अलुमिता


सुवा, १६ मे

तोरिका,

तू उत्तर दिलं नाहीस, बरोबर केलंस. मी तुला एप्रिलमध्ये सगळं कबूल केलं आणि नंतर दीड महिना काहीच केलं नाही. तुला लिहून मला मोकळं वाटलं, हीच लबाडी झाली. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना मी सांगितलं नव्हतं.

काल परत रेडिओवर बोलावलं होतं. मी ठरवून गेले होते की आज सांगायचं. निवेदिकेनं विचारलं, "या विषाचा अनुभव कसा असतो?" आणि मी म्हणाले, "माझ्या ओळखीच्या एका बाईंना झालं होतं." मी माझ्याच कानांनी ते ऐकलं. मग त्या बाईंची सगळी लक्षणं मी नीट, क्रमानं सांगितली, थंड पाण्याचंसुद्धा.

लोकांचे फोन सुरू झाले. तिसरा फोन वुनिवासाहून. सलोते. ती माझी बाजू घ्यायला आली होती. "ही आमच्या गावची मुलगी आहे बरं का," ती सगळ्या देशाला सांगत होती. "आम्हाला शिकवायला आली, पण गर्व नाही. आम्ही दिलेली एवढी मोठी तांबोशी आमच्याबरोबर बसून खाल्ली, काही झालं नाही तिला. शनिवारी आम्ही तसलीच परत धरली."

निवेदिका हसली. मी म्हणायला हवं होतं, सलोते, थांब. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात बातम्यांची वेळ झाली. खोलीतला लाल दिवा विझला. निवेदिका म्हणाली, किती गोड आहेत तुमच्या गावचे लोक.

शनिवारची तांबोशी कुणी खाल्ली, कुणाला काय झालं, मी फोन करून विचारलं. चौघांचं पोट बिघडलं होतं. माणसं वाचली. यात माझं काहीच कर्तृत्व नाही.

आमचे साहेब म्हणाले, आता जुनं उकरू नका, खात्याच्या शब्दावरचा लोकांचा विश्वास उडेल. मी त्यांना म्हटलं, लोकांचा विश्वास आहेच, पण तो माझ्या जेवणावर आहे. त्यांना ते कळलं नाही. मलाही कळायला एक माणूस जावा लागला आणि एक बाई बेघर व्हावी लागली.

६ जूनला थोरल्या बाबांच्या शंभराव्या दिवसाचं जेवण आहे, त्या दिवशी सगळं गाव सभागृहात असेल. मी जाते आहे. तुला हे आधी सांगते ते अशासाठी की मी गेले नाही तर तुला कळावं.

अलुमिता


वुनिवासा, ८ जून

प्रिय तोरिका,

हे पत्र उद्याच्या बोटीनं निघेल, म्हणजे बुधवारी तुझ्या हातात पडेल. मी तुझ्या घरात, तुझ्या चटईवर बसून लिहिते आहे. तुझा स्टोव्ह धाकट्या मुलीनं घासून ठेवला आहे. तिनं मला विचारलं की आई विचारील का हो, स्टोव्ह कोण घासतंय. मी म्हटलं, विचारील.

शनिवारचं सांगते, जसं झालं तसं.

मी दाराजवळ बसले, जिथे माफी मागणारानं बसायचं तिथे. इनोके वर बोलावत होता, मी उठले नाही. सुतकाचे काळे कपडे उतरवून झाले, प्रार्थना झाली. मी म्हटलं मला बोलायचं आहे. इनोके म्हणाला, बोल, तू छान बोलतेस. मी चित्र आणलं नव्हतं.

मी सलोतेला टाकीतलं पाणी परातीत भरून आणायला सांगितलं. मग तिला म्हटलं, हात घाल आणि सांग कसं आहे. तिनं बोटं बुडवली. "गार आहे, टाकीचं आहे." दोघा-तिघांना बुडवायला लावलं. सगळे म्हणाले, गार. मग मी माझा हात मनगटापर्यंत आत घातला आणि तसाच ठेवला.

मी ठरवलं होतं की ओरडायचं नाही, नाटक वाटेल. पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मला थांबवता येईना. सलोतेनंच माझा हात ओढून बाहेर काढला आणि आपल्या छातीशी धरला. मी म्हटलं, "हे मला शंभर दिवस असं भाजतंय. त्या दिवशीच्या दोन घासांनी. मी इनोकेला फोनवर बरी आहे म्हणाले ते खोटं होतं. थोरल्या बाबांना असंच भाजलं. तोरिकानं त्यांना हेच पाणी दिलं होतं."

इनोके परातीकडे पाहत राहिला. मग तो हळू म्हणाला, "तिनं मला हजारदा सांगितलं, मी टाकीचं पाणी दिलं. मी तिला म्हटलं, मेलेल्याला खोटं पाडतेस." आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

सेवानाया मधल्या खांबाला टेकून बसला होता. तो उठला. मला वाटलं बाहेर जाईल. तो माझ्यापासून चार हातांवर आला आणि माझ्याकडे पाठ करून बसला. इतक्या जवळ आम्ही शाळेनंतर बसलो नव्हतो. तो भिंतीकडे बघून बोलला.

"कुणीतरी माझ्या बहिणीला विचारा, तेव्हाच का नाही सांगितलं."

कुणी विचारलं नाही. आमच्यामधलं विचारायचं माणूस कांदावूला होतं. मी पण भिंतीशीच बोलले. "लाज वाटली."

त्याची मान खाली होती. "मला पण," तो म्हणाला. "बायकोवर विश्वास होता म्हणायची लाज वाटली."

नंतर जेवण आलं. मासेच होते. मुख्य चटईवरून पानाची गुंडाळी माझ्यापुढे सरकवली आणि परत सगळे थांबले, तोरिका. परत तेच. सगळ्यांचे डोळे माझ्या हातावर. मी पान उलगडलं नाही. विचारलं, "हा केवढा होता?" ज्यानं धरला होता त्यानं आपलं कोपर पुढे करून मनगटाच्या अलीकडे खूण दाखवली. शेजारच्या म्हातारीनं आपला हात पुढे करून ताडून पाहिलं. "तुझा हात लांब आहे, मेल्या, माझ्या हातानं बघ." मग जो तो आपापला हात काढून मोजायला लागला. मासा लहान होता. मी खाल्ला. मग त्यांनी खाल्ला. एकच मोठा आला होता, खालच्या चटईवर. तो खड्ड्यात पुरला. सलोतेनं पुरला, त्याच्याकडे बघत, हळहळत.

यानं काय झालं ते मला सांगता येत नाही. थोरले बाबा परत येत नाहीत. तुझे शंभर दिवस परत येत नाहीत. उद्या गावातल्या कुणी मोठी तांबोशी शिजवली तर मला आश्चर्य वाटणार नाही. आता मी प्रत्येक गावात हे सांगणार आहे, माझ्या नावासकट. साहेबांना लिहून कळवलं आहे. त्यांनी अजून काही म्हटलं नाही.

आम्ही गुरुवारच्या बोटीनं येतो आहोत, सेवानाया, मुलं आणि मी. तो पुढच्या बाकावर बसेल, मी मागच्या; वाटेत आम्ही एक शब्दही बोलणार नाही. माफीसाठी पुढे करायचा देवमाशाचा दात त्याच्या पिशवीत आहे, सुकलेल्या गवतात गुंडाळून. बाईनं दात पुढे करायचा नसतो, म्हणून माझी माफी तुझ्या वडिलांपुढे तो मागेल. स्वतःचीही. काय बोलायचं ते काल त्यानं भिंतीला म्हणून दाखवलं, मी ऐकलं. चांगलं आहे. तुझे वडील दाताला हात लावतील किंवा लावणार नाहीत. तू काय करशील हे मला माहीत नाही, आणि ते आधी कळावं असा माझा हक्कही नाही. तू नाही म्हणालीस तर मुलांना तुझ्याजवळ ठेवून आम्ही दोघं परतीच्या बोटीनं निघू.

दारात पाहुण्याला पाणी द्यायचं असतं. मला देशील तर थंडच दे. कसं लागतं ते मी सगळ्यांसमोर सांगीन.

अलुमिता